माशांच्या टाकीचा पंप

लातुरात आणि रेणापुरात काही लोक एका डॉक्टरला अजून ‘मच्छीवाला’ म्हणतात. त्यानं म्हणे नुकत्या जन्मलेल्या लेकराला माशांच्या टाकीच्या मोटारीवर ठेवलं, लेकरू मेलं, लोकांनी त्याचा हात मोडला, आणि त्याच मोटारीमुळं मेलेल्या पोराच्या जुळ्या बहिणीचे डोळे गेले. यातलं लेकरू गेलं आणि हात मोडला एवढं खरं आहे. बाकीची गोष्ट माझ्या तोंडून निघाली आणि वीसेक वर्षं मी ती चालू दिली. त्या माणसाचं नाव खराब झालं ते माझ्यामुळं. तो हयात आहे, मीही आहे, म्हणून आता लिहितो.

मी लहान मुलांचा डॉक्टर. लातुरात माझा स्वतःचा दवाखाना होता, वर नवजात बाळांची एक खोली, तिला बाहेरच्या बाजूनं मोठी काच. कमी दिवसांचं मूल आलं की त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक डबा ठेवायचा, त्यात नळी सोडायची आणि सिलिंडर उघडायचा. हवा मिसळायची सोय नव्हती. जे जायचं ते निव्वळ ऑक्सिजन. नातेवाईक काचेला नाक लावून पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे बघत. बुडबुडे जोरात असले की डॉक्टर चांगला. मंद झाले की, “साब, बंद केलाव का?” म्हणून दार वाजायचं. मीही त्याच समजुतीत वाढलो होतो. श्वास लागलेल्या जिवाला ऑक्सिजन द्यायचा, आणि द्यायचाच तर हात आखडून कशाला?

तो माझ्या हाताखाली आला तेव्हा तिशीचाही नव्हता. रेणापूरच्या शेतकऱ्याच्या घरचा, नांदेडला शिकलेला. मधले काही महिने तो हैदराबादला डोळ्यांच्या एका दवाखान्यात जाऊन राहिला होता. तिथं त्यानं आंधळी लेकरं पाहिली होती, वेळेआधी जन्मलेली, आमच्यासारख्यांच्या खोल्यांतून वाचून गेलेली. वाचली म्हणून आम्ही पेढे खाल्ले होते त्यांचे.

एकदा चहा पिताना त्यानं मला विचारलं, आंब्याच्या नव्या रोपाच्या बुडाशी रोज पाणी सोडलं तर मुळी खाली जाते का. मी म्हणालो, कशाला जाईल, तिला वरच मिळतंय. तो म्हणाला, डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या शिरा तशाच आहेत. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन फार थोडा मिळतो, आणि त्या टंचाईच्या ओढीनं शिरा मधून कडेपर्यंत पसरत जातात. बाळ दोन-तीन महिने आधी बाहेर आलं आणि आपण त्याच्यावर ऑक्सिजन ओतला, की शिरांची वाढ अर्ध्यातच थांबते. मग काही आठवड्यांनी कडेचा उपाशी राहिलेला भाग ओरडायला लागतो आणि शिरा नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांसारख्या माजतात, वाटेल तिकडं, कच्च्या, रक्त गळणाऱ्या. त्या आवळल्या की पडदा भिंतीच्या गिलाव्यासारखा ओढून काढतात.

“आणि फुप्फुस?” मी विचारलं.

“फुप्फुसात त्या वयात बारीक फुगे बनायचे असतात. निव्वळ ऑक्सिजननं ते बनायचे थांबतात. जे असतात त्यांच्या भिंती सुजून जाड होतात. आपण लेकराला आतून जाळून राहिलो, सर. फक्त धूर दिसत नाही.”

मला राग आला होता. तरी त्याचं ऐकायचं ठरवलं. हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणारं यंत्र आमच्या आवाक्याबाहेर होतं. त्यानं तोड काढली ती साधी. माशांच्या काचेच्या टाकीत हवा सोडणारा छोटा पंप असतो, मुठीएवढा, दिवसरात्र घुर्र करत चालणारा. त्याची हवा एका नळीनं, सिलिंडरचा ऑक्सिजन दुसऱ्या नळीनं, दोन्ही इंग्रजी वाय अक्षरासारख्या जोडात एकत्र, तिथून बाळाच्या नाकाशी. बाहेर पडणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बोट-दीड बोट बुडवून ठेवायचं म्हणजे फुप्फुसं थोडी फुगलेली राहतात. बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावायची आणि आकडा नव्वदच्या आसपास धरायचा.

आता जे कधी बोललो नाही ते. तो पंप मी आणला. गंजगोलाईजवळच्या रंगीत माशांच्या दुकानात मी स्वतः गेलो, दोन पंप चालवून बघितले, कमी आवाजाचा घेतला आणि घरी बादलीत नळी बुडवून पाहिला. बायको म्हणाली, मासे पाळताव का काय या वयात. मी हसलो. दुसऱ्या दिवशी तो खोलीत लावताना मी त्याच्या शेजारी उभा होतो. वायच्या जोडाला चिकटपट्टी मीच गुंडाळली.

त्या पंपावर काही बाळं चांगली निघाली. मग ती जुळी आली.

किल्लारीकडच्या एका गावातली मुलगी, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. एक मुलगा, एक मुलगी, दोघं मिळून एका तळहातावर मावतील एवढी. सोबत तिचा बाप होता, ज्याला घरातले सगळे आबा म्हणत, आणि तिचा भाऊ, म्हणजे त्या बाळांचा मामा. आबा धिप्पाड, कमी बोलणारा. भूकंपात त्याचं घर बसलं तेव्हा आई आणि धाकटा मुलगा खाली सापडले. पोराचा आवाज येत होता. आबानं हातांनी दगड उपसले, नखं निघाली, आणि आवाज थांबल्यावर मातीतून पोर निघालं ते अंगावर एक ओरखडा नसलेलं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, काचेसमोर उभं राहून, सरळ आवाजात. शेवटी म्हणाला, “हवेवाचून गेलं, साब. ह्यांना हवा कमी पडू देऊ नका.”

पहिलं बाळंतपण माहेरचं, तर जिम्मेदारीही माहेरची. लेकरांना काही झालं तर सासरचे म्हणणार, आमची माणसं तुमच्या घरी मेली. आबाला झोप नव्हती ती या दुहेरी भीतीनं.

दोन्ही बाळं पंपावर ठेवली. एका वायवरून दुसरा फाटा काढला होता. दोन-तीन दिवस बरे गेले. मग मुलाची टाळू फुगली, अंग कागदासारखं पांढरं पडलं, आणि दुपारी जेवणाच्या सुमारास तो गेला. मेंदूत रक्त सुटलं होतं. इतक्या कच्च्या बाळांत ते होतं. पंपाचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

खबर गेल्यावर सासरचे जीपमधून आले. मुलीचा सासरा, आबाचा व्याही, पुढं. त्यानं मेलेल्या नातवाकडं बघितलं, मग काचेतून आत बघितलं, आणि त्याला तो पंप दिसला. निळ्या रंगाचा, वर पांढऱ्या माशाचं चित्र. चित्र खरवडून काढायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

तो आबाकडं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “व्याही, आमच्या घरी तर ढोरं बी धड चारा खातेत. तुमी आमचा वंश माशाच्या मोटारीवर ठिवला.”

कुणीतरी हसलं. आबाचा चेहरा मी पाहिला. त्याला कुणाला तरी मारणं भागच होतं, नाहीतर तो तिथंच जमिनीवर पडला असता. त्यानं मला विचारलं, “ही मोटार कुणी लावली?”

तो, माझा सहकारी, आतच होता. मुलीच्या नाकाची नळी धरून वाकलेला. दार उघडं होतं, त्याला सगळं ऐकू येत होतं. मी त्याच्याकडं बोट केलं आणि म्हणालो, “ह्यांनी. मी नको म्हणालो होतो.”

एवढंच. कुणी गळा धरला नव्हता माझा. बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या पोटातली भीती उतरली, आणि लोक मला ओलांडून आत गेले.

मामानं त्याला मागून मानेला धरलं. दुसऱ्या कुणीतरी सलाइनचा लोखंडी स्टँड त्याच्या पाठीत घातला. सिस्टर किंचाळत बाहेर पळाली, ट्रे पडला, सुयांवरून चपला गेल्या. तो ओरडत होता, पण स्वतःसाठी नाही. “नळी सोडू नका, पोरीची नळी सोडू नका,” असं तो म्हणत होता आणि उजव्या हातानं तो वायचा जोड दाबून धरत होता, कारण ओढाताणीत तो निसटत होता. त्याचा ओठ फाटला. रक्त मुलीच्या दुपट्यावर पडलं. आबानं सिलिंडर उघडायचा पाना उचलला, तो जड, लांब दांड्याचा. पहिला घाव पंपावर बसला. निळं प्लास्टिक फुटून उडालं. दुसराही पंपावरच घालायचा होता बहुतेक. तो त्याच्या हातावर बसला. तिसरा मात्र हातावरच घातला, बघून. हाडाचा आवाज ओल्या लाकडासारखा येतो. मी टेबलामागं उभा होतो. माझ्या हातात स्टेथोस्कोप होता आणि मी तो घडी करत होतो.

नळी सुटली तशी मुलगी निळी पडायला लागली. आबानं हातातल्या त्याच पान्यानं सिलिंडर फिरवून पुरता मोकळा केला आणि नळी तिच्या तोंडाशी धरली. ती हळूहळू लाल झाली. खोलीतला गोंधळ थांबला. सगळे बघत होते. आबा घामानं भिजलेला, म्हणाला, “बगा. हवा दिली की जगलं.”

त्या गर्दीसमोर ते सिद्ध झालं. त्याच्यापुढं माझी पुस्तकं काय करणार होती? खाली फरशीवर तो बसला होता, उजवा हात डाव्या हातात घेऊन, आणि माझ्याकडं बघत होता. मी त्याला उठवायला पुढं गेलो नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. पंप त्यांचा, विचार त्यांचा, माझी परवानगी नव्हती. त्यानं ते ऐकलं आणि मारणाऱ्यांविरुद्ध तक्रारही दिली नाही, म्हणून आबा मोकळा राहिला. त्याच्या तीन बोटांची हाडं वेडीवाकडी जुळली. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालणारा हात तो. त्यानं ते काम सोडलं आणि रेणापूरला जाऊन सर्दी-तापाचा दवाखाना टाकला. मच्छीवाला हे नाव त्याच्या आधी तिथं पोचलं होतं.

मुलीला मी निव्वळ ऑक्सिजनवर ठेवलं. चिमटीचा आकडा शंभर दाखवायचा. आबाला तो आकडा फार आवडला. शाळेत कधी न गेलेला माणूस, पण शंभरपैकी शंभर म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. पाना हातात घेऊन तो काचेपाशी बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “पोरीला शंभर हायत.” आकडा खाली आला की तो नुसता उभा राहायचा, आणि मी आत जाऊन वाढवायचो. पुढं नळी काढली की ती काळीनिळी व्हायची, कारण फुप्फुसं खरोखरच जळून जाड झाली होती. ज्यानं जाळली तेच द्यायला लागत होतं. दोन-अडीच महिन्यांनी ती घरी गेली.

चौथ्या आठवड्यात तिचे डोळे तपासून घ्यायला हवे होते. त्यानं मला हे शंभरदा सांगितलेलं. त्या वेळी दिसलं असतं तर लेझरनं काही वाचवता आलं असतं. पण डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवायचं म्हणजे का पाठवतो ते सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे पंप बरोबर होता असं कबूल करायचं. मी पाठवलं नाही. पुढं तिच्या आईला पोरीच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं काहीतरी चमकताना दिसलं, तेव्हा ते हैदराबादला गेले. दोन्ही पडदे सुटलेले. परत येऊन आबानं मला विचारलं, त्या मोटारीनं झालं का साब? मी मान हलवली. हो अशी.

त्यानंतर काही वर्षं माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाला मी निव्वळ ऑक्सिजन दिला. लोकांना तेच हवं होतं, आणि कमी करायला गेलो असतो तर माझंच बोलणं मला खोटं पाडायला उठलं असतं. त्यांतल्या किती जणांचे डोळे गेले, किती जणांना धाप लागते, मी मोजलं नाही. मोजायचं टाळलं.

आबाच्या घरून दर हिवाळ्यात हुरडा यायचा. पोरीला वाचवणारा डॉक्टर म्हणून. सासरच्यांनी आंधळी पोर आणि तिची आई दोघींना नेलं नाही, त्या माहेरीच राहिल्या. पोर कधीमधी सोबत यायची, माझ्या घराच्या तीन पायऱ्या चढून दारात थांबायची, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलायची. मला नमस्कार करायची. मी हुरडा खायचो.

दवाखाना बंद केल्यावर, नांदेडला मुलाकडं राहायला जाण्याआधी, मी एकदा रेणापूरला गेलो. तो डाव्या हातानं गोळ्या लिहीत होता. मी सगळं बोललो, पंप मी आणला होता, तू बरोबर होतास, मी भ्यालो. त्यानं पेशंट संपेपर्यंत मला बसवून ठेवलं आणि मग म्हणाला, “हे मला कशाला सांगता सर? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

मी सांगितलं नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात मुलगा शिकवतो, तिथं राहायला आलो, धरणाकडं फिरायला जायला लागलो, आणि वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर जुळ्यांच्या मामाचा फोन आला. त्याची मुलगी नांदेडला दिलेली होती. तिलाही दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, माहेरी न्यायलाही वेळ मिळाला नाही, आणि बाळ काचेच्या पेटीत होतं. मामा म्हणाला, “साब, तुमी लवकर या. हितली डॉक्टरीण ऑक्सिजन कमी करून राहिली. आमी सांगून थकलो. तुमी सांगा, न्हाईतर आमाला सांगावं लागंल आमच्या पद्धतीनं.”

मी रिक्षानं गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. जिन्यावर आठ-दहा माणसं, मामाच्या ओळखीची, काहींच्या हातात हेल्मेट. नवजात विभागाच्या दाराची काच खालच्या बाजूला तडकलेली, लाथेनं. आबा बाकावर काठी धरून, आता वाळून गेलेला. शेजारी ती, जुळ्यांतली वाचलेली, आबाची नात, आता विशी ओलांडलेली. कानाशी फोन धरून काहीतरी ऐकत होती. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तिचा फोन इतक्या भरभर बोलतो की दुसऱ्या कुणाला अक्षर कळत नाही. लातुरात कॉलेज करते, बँकेच्या परीक्षा देते.

डॉक्टरीण दारात आडवी उभी होती. माझ्या नातीच्या वयाची. ती बाजूला होत नव्हती. आत पडद्यावर आकडा दिसत होता, ब्याण्णव.

मामा तिला म्हणत होता, “ब्याण्णव कामून? आमच्या पोरीला शंभर व्हते. इचारा ह्या साबांना, ह्यांनीच दिलते.”

“शंभर नकोयत, काका,” ती म्हणाली.

“मंजी पैशेवाल्याला शंभर आन आमाला ब्याण्णव?”

मागचे हसले, आणि हसता हसता पुढं सरकले. मी ते सरकणं ओळखलं. एकदा पाहिलं की विसरत नाही. मामानं मला हाताला धरून पुढं केलं. सगळ्यांना वाटलं आता हा म्हातारा डॉक्टर तिला झापेल आणि काम होईल.

मी आबासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “आबा, ही बरोबर करतेय. तो पंप मी आणला होता. गंजगोलाईतून, माझ्या हातानं. त्या डॉक्टरचं काम बरोबर होतं. लेकरू पंपानं गेलं नाही, त्याच्या मेंदूत रक्त सुटलं होतं. हिचे डोळे पंपानं गेले नाहीत. शंभरनं गेले. ते शंभर मी ठेवले.”

मग मामाच्या हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता तो माझ्या तोंडावर आला. पहिल्या फटक्याला मला फक्त आवाज ऐकू आला. दुसऱ्याला डबा उघडला, पिठलं आणि भाकरी माझ्या सदऱ्यावर, आणि तोंडात मिठासारखं रक्त. मी खाली बसलो. पाठीत कुणाचा तरी बूट बसला, बरगडीत दुसरा. मामा मारताना रडत होता. “वीस वर्षं हुरडा खाल्ला आमचा,” असं म्हणत होता आणि प्रत्येक शब्दाला मारत होता. मी हात वर केले नाहीत. त्यात मोठेपणा काही नव्हता. वर येत नव्हते.

थांबवलं ते तिनं. भिंतीला हात लावत ती आवाजाच्या दिशेनं आली, मध्ये थांबून दोनदा श्वास घेतला, आणि म्हणाली, “मामा, मारायचं तर खाली नेऊन मारा. आत लेकरू हाय.”

मामाचा हात थांबला. डॉक्टरीण आत निघून गेली आणि तिनं आतून कडी लावली. तडकलेल्या काचेतून दिसत होतं, तिनं काही वाढवलं नाही. ब्याण्णव. एकदा एक्क्याण्णव. परत ब्याण्णव.

आबा एवढा वेळ बाकावरून उठला नव्हता. त्यानं काठीच्या टोकानं माझा पडलेला चष्मा माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, “त्यो कुठं हाय?”

“रेणापूरला.”

“आमी त्याच वाटंनं गावाकडं जाणार हाव उद्या. तुमी बी चला.”

माझ्या मुलानं पोलिसांत जायचं म्हटलं. मी नको म्हणालो. समोरचे दोन दात गेले होते, तोंड सुजलेलं. सकाळी त्यांची जीप विष्णुपुरीला येऊन थांबली. मामा बाळापाशी राहिला होता. पुढं आबा, मागं मी आणि ती. लोहा गाव मागं पडलं. मग ती खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, “शंभर आबांनी ठेवायला लावले ना? पाना घेऊन बसायचे म्हणतेत.”

“पहिला आठवडा. मग सुगी आली, ते गावी गेले. आठ-आठ दिवस यायचे नाहीत.”

“मग?”

“मग कमी करता आले असते. कुणी बघत नव्हतं.”

“केले न्हाईत.”

“नाही. कमी केले असते आणि तू तरीही जगली असतीस, तर तो बरोबर ठरला असता.”

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रेणापूरलाही नाही. पुढच्या सीटवर आबाची मान जराही हलली नाही. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. ती बराच वेळ श्वास घेत राहिली, तिला तो मोजून घ्यावा लागतो, आणि मग फोन कानाला लावला.

रेणापुरात त्याच्या दवाखान्यात गर्दी होती. ताप, खोकला, एक बैलानं मारलेला माणूस. आम्हाला बघून त्यानं आबाला ओळखलं. त्याचा उजवा हात टेबलावर होता तो त्यानं खाली घेतला नाही. आबा त्या हाताकडं बघत उभा राहिला. वाकडी बोटं, मधल्या बोटाचं नख नाही. सगळे पेशंट बघत होते.

आबा म्हणाला, “मी खोट्यावर मारलं तुमाला. ह्यांनी काल सांगितलं.” मग पेशंटांकडं वळून, तोच सरळ आवाज, “आयका. मोटार ह्यांची बरोबर व्हती. पोरीचे डोळे ह्यांच्यानं गेले न्हाईत. मच्छीवाला म्हणू नका ह्यांना.”

बैलानं मारलेला माणूस म्हणाला, आमी तर न्हाई म्हणत बुवा. दोघं-तिघं खाली बघायला लागले.

डॉक्टर उठून मुलीपाशी आला, तिला स्टुलावर बसवलं आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला. खूप वेळ ऐकत राहिला, एका बाजूला, मग दुसऱ्या. जिना चढताना किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, हिवाळ्यात किती वेळा ताप येतो, दम्याचा पंप ओढते का, असं विचारत गेला. ती ‘पंप’ शब्दाला थोडी हसली. तो नाही हसला.

मी दाराच्या आत, भिंतीला टेकून उभा होतो. जबडा ठणकत होता. त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं, सुजेकडं, गेलेल्या दातांकडं. डॉक्टर जसं बघतो तसं.

“आबा, तुम्ही बसा,” तो म्हणाला. आणि मला, “यांनी मला मारलं ते तुमच्या सांगण्यावरून. तुम्ही बाहेर थांबा, सर.”

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. आतून तिला खोल श्वास घ्यायला सांगितल्याचा आवाज येत होता. घे. सोड. परत घे.